काय देऊ?

जपानातल्या कानाझावात आसानो नदीच्या अलीकडे किनुए सेगावा यांचं कपडे धुण्या-इस्त्रीचं दुकान आहे आणि त्याच्या बरोब्बर समोर योनेझुशी हे सुशीचं हॉटेल. तिथला मालक हारुओमी याचे पांढरे डगले किनुएबाई त्याच्या बापाच्या काळापासून धुतात. हारुओमी शाळेत असताना त्याच्या गणवेशावरचे शाईचे डागही त्यांनीच काढले होते. तो त्यांना काकू म्हणतो. आता साऱ्या गावात त्याचा बोलबाला झालाय, तरी म्हणतो.

नवरा तेत्सुजी हयात होता तेव्हा दोघं महिन्यातून एकदा समोर जाऊन, मालक जिच्यामागे उभं राहून सुशी वळतो त्या लाकडी फळीशी बसत, दाराजवळच्या दोन खुर्च्यांवर. "काय देऊ?" हारुओमीचा बाप विचारायचा. "कोहादा," तेत्सुजी म्हणायचा. कोहादा म्हणजे वीतभरही नसलेला चंदेरी मासा, मीठ लावून सिरक्यात मुरवलेला. श्रीमंतांचा नव्हे, पण मुरवणाऱ्याचा हात चुकला की लगेच कळतो. सुशी तेव्हा जोडीनं यायची, ताटलीत दोन. एक त्याची, एक हिची. तेत्सुजी गेल्यावर किनुएबाई एकट्या जाऊ लागल्या आणि दोन्ही खाऊ लागल्या. नवरा गेल्यावर अन्न गोड लागत नाही असं लोक सांगत; यांना लागायचं, आणि त्याची त्यांना थोडी लाज वाटायची.

तेत्सुजी शांत माणूस होता. फक्त एका शब्दावरून त्याचं डोकं फिरायचं. जेवण झालं की पुष्कळ गिऱ्हाइकं ऐटीत म्हणतात, "ओआइसो!" म्हणजे बिल आणा.

"अरे, तो दुकानदाराचा शब्द आहे!" तेत्सुजी बायकोच्या कानाशी फणफणायचा, तो फळीपलीकडेही ऐकू जायचा. "बिल पुढे ठेवताना मालकानं ओशाळून म्हणायचं, आपलेपणात कमी पडलो, माफ करा. गिऱ्हाइकानं म्हटलं तर त्याचा अर्थ काय होतो? तुमच्याबद्दलचा आपलेपणा सरला, हिशेब मिटवा, परत येणार नाही! आणि हा गाढव दर आठवड्याला येतो!"

स्वतः तो "हिशेब" एवढंच म्हणायचा.

मग वेगवान गाडी कानाझावापर्यंत आली आणि तिच्यातून माणसं उतरू लागली. कुणीतरी योनेझुशीबद्दल कुठंतरी लिहिलं. हारुओमीनं जुनी फळी काढून सुरूच्या लाकडाची अखंड फळी बसवली. आठच खुर्च्या ठेवल्या. सगळ्यांनी सहाला यायचं, सगळ्यांनी एकदम सुरू करायचं, आणि तो देईल ते, तो देईल त्या क्रमानं, एकेक घास खायचं. भाव आठ हजार येनांवरून अडतीस हजारांवर गेला.

"अडतीस हजार!" शेजारची तोफूवाली मित्सुए म्हणाली. "तेवढ्यात मी नवे दात बसवीन. आणि ते दात वर्षानुवर्षं चावतील."

"मासा तेवढ्याचा आहे," किनुएबाई म्हणाल्या.

"तुझं आपलं काहीतरीच. भाताच्या मुटक्यावर माशाची चकती!"

"बाजारात ट्यूनाचा भाव विचारून ये एकदा. आणि पोराचा हात बापापेक्षा चांगला आहे. बाप भात जरा दाबायचा."

"मग मजा आहे तुझी."

"हो ना," किनुएबाई म्हणाल्या आणि इस्त्रीत पाणी भरू लागल्या.

त्यांनी जाणं सोडलं नाही, कमी केलं. ऋतूला एकदा. पूर्ण रक्कम बाजूला टाकायची, नव्या करकरीत नोटा पाकिटात घालायच्या आणि जायचं. पण हारुओमी हातात बिलाची जी चिठ्ठी द्यायचा तिच्यावर आठच हजार असायचे. पहिल्यांदा त्यांना वाटलं, चुकला.

"तुम्हाला जुनाच भाव, काकू," तो हळूच म्हणाला.

गल्लीभर झालं, काय नशीब बाईचं! किनुएबाईंनाही वाटायला हवं होतं. पण आठ हजार देऊन बाहेर पडताना त्यांना दर वेळी असं वाटायचं, की आपण जेवायला गेलो नव्हतो, आपल्याला वाढलं होतं.

या शरदातही त्या गेल्या. शेजारी तोक्योचं एक जोडपं होतं. हारुओमी कौतुकानं त्यांना म्हणाला, "या आमच्या सेगावा काकू. वडिलांच्या वेळेपासून येतात."

"अय्या, हो का!" ती बाई म्हणाली आणि तिनं आधी काकूंकडे, मग भिंतीवरच्या जुन्या घड्याळाकडे त्याच नजरेनं पाहिलं.

घास येत गेले. पापलेट आलं, स्क्विड आलं, ट्यूना आला. ट्यूना इतका सुरेख होता की किनुएबाईंनी डोळे मिटले. उघडले तेव्हा धीर करून म्हणाल्या, "हारुओमी, कोहादा आहे का रे?"

"आज सगळ्यांना एकच, काकू," तो हसून म्हणाला. "आता कोळंबी येतेय बघा."

कोळंबी आली. तीही सुरेख होती.

शेवटी चहा आला. तोक्योची बाई टेचात म्हणाली, "ओआइसो!" तिला चिठ्ठी मिळाली. किनुएबाईंनी कपातला चहा संपवला, पाकीट फळीवर ठेवलं, त्यात पूर्ण अडतीस हजार होते, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"ओआइसो."

हाताखालची पोरगी "हो, आणते!" म्हणून लगबगीनं वळली. हा शब्द ती रोज ऐकत होती. हारुओमीही रोज ऐकत होता आणि त्याला कधी काही झालं नव्हतं. या वेळी त्याची सुरी थांबली. तेत्सुजीचं ते फणफणणं बापाच्या शेजारी उभं राहून ऐकतच तो मोठा झाला होता. तो दारापर्यंत आला, खूप वाकला. काकूही वाकल्या आणि रस्ता ओलांडून घरी आल्या.

घरी येऊन त्यांना फार वाईट वाटलं. ट्यूनाची चव अजून जिभेवर होती, याचं जास्तच.

दर सोमवारी योनेझुशी बंद असतं आणि ती पोरगी सकाळी सकाळी मळके डगले टाकून जाते. या सोमवारी कुणी आलं नाही. मित्सुएनं दोनदा डोकावून पाहिलं.

"गेलं ना गिऱ्हाईक हातचं? फुकटात जेवत होतीस, गप बसायचं!"

"फुकटात जेवायला मी काय मांजर आहे?" किनुएबाई म्हणाल्या.

दुपारी दार सरकलं आणि गाठोडं घेऊन हारुओमी स्वतः आत आला. मित्सुए तोफूचं काम आठवून बाहेर गेली, पण फार लांब गेली नाही.

"मागच्या खेपेचे धुतलेले घेऊन जातो, काकू," तो म्हणाला. "हिशेब सांगा."

हिशेब म्हणाला. दुसरा शब्द त्यानं वापरला नाही. किनुएबाईंचा जीव भांड्यात पडला, पण तसं न दाखवता त्यांनी आकडा सांगितला. त्यानं पैसे मोजून दिले, डगले घेतले आणि तिथंच उभा राहिला.

"आता हे गुरुवारी मिळतील," त्या म्हणाल्या.

"बरं."

तरी तो हलेना. दुकान किनुएबाईंचं, काय हवं ते विचारायचं तर त्यांनीच. पण त्यानंच विचारलं. नजर डगल्यांवर आणि आवाज थेट बापाचा.

"काय देऊ, काकू?"

किनुएबाईंनी इस्त्रीचं बटण बंद केलं.

"कोहादा," त्या म्हणाल्या. "जोडीनं. आणि भाव सगळ्यांना लावतोस तोच लाव."

आणि त्या मळक्या डगल्यांना चिठ्ठ्या टाचू लागल्या.