गाळलेले शब्द

लढाईच्या काळात मी लोंढ्याजवळच्या एका लहान स्टेशनात मास्तर होतो. साइडिंगचे, म्हणजे बाजूच्या जादा लाइनचे, रूळ सरकारनं लढाईसाठी उखडून नेल्यावर सिग्नलच्या केबिनची गरज उरली नाही, असं मीच साहेबांना कळवलं.

हुकूम इंग्रजीत आला. वीस वर्षं तिथले लिव्हर ओढणारे आप्पा कागद घेऊन माझ्याकडे आले. केबिन बंद, आप्पांनी गँगमध्ये खडी टाकायला जावं, हे मी वाचून दाखवलं. ‘मास्तरांच्या शिफारशीवरून’ हे शब्द तेवढे गाळले.

“तुमी साहेबाला आमच्यासाठी चार शब्द लिवलासा न्हवं?”

“व्हय,” मी म्हणालो.

आप्पांनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी त्यांची बायको आमच्या घरी काकवीचा तांब्या देऊन गेली. मी मान खाली घालून ती काकवी भाकरीबरोबर खाल्ली.