परीक्षकाचं कार्ड

शाळेत पदार्थविज्ञानात काठावर पास झालेल्या बाईने बावीस वर्षं पदार्थविज्ञानाच्या इतिहासाचं आणि तत्त्वज्ञानाचं त्रैमासिक सांभाळावं, हा देवाचाच विनोद, असं ताई स्वतःच सांगत. कचेरी म्हणजे दोन टेबलं आणि एक कपाट. लेख आला की लेखकाच्या नावाचं पान काढून ठेवायचं, लेखावर नंबर टाकायचा आणि जाणकाराकडे परीक्षणाला पाठवायचा. लेख कुणाचा हे परीक्षकाला कळू द्यायचं नाही. परीक्षक संपादक निवडत. पण त्या महिन्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं.

"ताई, तुम्हाला सगळं ठाऊक आहे. तुम्हीच पाठवा," ते फोनवर म्हणाले.

झालं! ताईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. काळ मागे का वाहत नाही, यावरचा एक लेख चार वर्षं कपाटात पडून होता. त्यांनी परीक्षकांच्या कार्डांचा डबा उघडला, त्या विषयातले सगळ्यात जाणकार प्राध्यापक हुडकले आणि देवाचं नाव घेऊन पाकीट रवाना केलं.

तीन आठवड्यांत चार पानी परीक्षण आलं. 'लेखकाचा अभ्यास कच्चा आहे. मूळ पत्रव्यवहार त्याने पाहिलेलाच दिसत नाही. छापू नये.' नकाराचं पत्र टाइप करायला ताईंनी लेखकाच्या नावाचं पान काढलं आणि परीक्षकाच्या कार्डाशेजारी धरून दोनदा वाचलं. लेखक तेच प्राध्यापक! चार वर्षांत ताई लेखकाचं नाव विसरल्या होत्या, आणि प्राध्यापक स्वतःचाच लेख.

"गप्प बस. नकार पाठवून मोकळी हो," घरी नवरा म्हणाला. "निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. नोकरी घालवतेस का?"

"अहो, परीक्षण वाचून त्यांना कळेल ना! त्यांचीच वाक्यं आहेत."

"स्वतःचा लेख तरी कुठे ओळखला त्यांनी?"

बिनतोड मुद्दा होता. पण संध्याकाळी देवापुढे ताईंना हात जोडवेनात. दुसऱ्या दिवशी संपादकांच्या घरी जाऊन त्यांनी सगळं सांगितलं आणि कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. संपादकांनी किल्ल्यांकडे पाहिलंही नाही. फोन पुढे सरकवून म्हणाले, "त्यांना तुम्हीच सांगा."

ताईंनी सांगितलं.

"परीक्षण माझं?"

"हो, सर."

"लेखही माझाच?"

"हो, सर. चूक माझी. हुशारी करायला गेले."

"पण बाई, परीक्षणात काही उगाच लिहिलंय का मी?"

"मला काय कळतंय, सर! मी काठावर पास."

प्राध्यापक खो-खो हसले. मग जरा खाकरून म्हणाले, "परीक्षक खडूस आहे, पण खरं बोलतोय. लेख परत पाठवा. सुधारायला दोन महिने लागतील."

संपादकांनी किल्ल्या ताईंच्या हातात परत दिल्या. "नव्या परीक्षकाचं कार्ड मात्र मी काढीन हं!"

"तुम्हीच काढा, नाहीतर मी तुमचा अग्रलेख तुम्हालाच पाठवीन," ताई म्हणाल्या.

कचेरीत येऊन त्यांनी लेख आणि परीक्षण एकाच पाकिटात घातलं. पत्ता तीनदा वाचला. मागच्या वेळचाच होता, पण या खेपेला निदान बरोबर माणसाकडे चालला होता.