‘चर्प’ म्हणजे बारीक, तुटक आवाज

मी अकोल्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते आणि माझा आवाज मोठा आहे. शेवटच्या बाकापर्यंत पोचावा म्हणून कमावलेला, तो आता घरातही खाली येत नाही. आई गेल्यावर बाबांना हिवरखेडहून माझ्याकडे आणलं, तेव्हा त्यांच्याशीही मी तशीच बोलायचे. माझं सगळं त्यांना ऐकू यायचं. माझी मुलगी बोलली की मात्र म्हणायचे, "हे पोट्टी तोंडातल्या तोंडात बोलते." मी उलट तिलाच दटावायचे, की आबाजींशी जरा नीट बोलत जा.

बाबांनी आयुष्यभर ज्वारी राखली. दाणा दुधावर आला की उजाडायच्या आत मचाणावर, हातात गोफण. पाखरं हाकलायची तर आधी ओळखावी लागतात. बोरीतल्या चिमण्यांचा कालवा ऐकून, खाली साप आहे की वर ससाणा, हे ते मान न वळवता सांगायचे. ते मलाही यावं अशी त्यांची फार इच्छा होती. हाक मारून मारून थकायचे बिचारे. मी पुस्तक घेऊन बांधावर बसलेली. मला शहाणं व्हायचं होतं ना!

अकोल्याला आल्यावर ते रोज सकाळी गॅलरीत ज्वारीच्या कण्या टाकायचे आणि खुर्ची घेऊन बसायचे. नजर अधू झालेली, त्यामुळे सगळी भिस्त कानांवर. एक दिवस म्हणाले, "काय वं माय, एक चिमणी बोलून नाई राह्यली. इथं चिमण्या नाईच का?"

मी डब्याची भाजी परतत होते. गॅलरीकडे पाठ होती. म्हटलं, "आता कुठच्या चिमण्या, बाबा? त्या मोबाइलच्या टावरपायी गेल्या साऱ्या."

मी वळून पाहिलंसुद्धा नाही. सगळे म्हणतात, म्हणून मीही म्हटलं. शिकलेली लेक सांगते म्हटल्यावर त्यांनी ते खरं मानलं. कण्या टाकणं बंद केलं. कबुतरांसाठी कोण टाकते म्हणाले. खुर्ची आत टीव्हीसमोर आली. गावाकडचं कुणी भेटायला आलं की हळूच सांगायचे, "आपल्या डोयादेखत गेल्या बाप्पा चिमण्या." अशी तीन वर्षं गेली. मला वाटायचं, म्हातारपण आहे, होतो माणूस हळवा.

मागच्या वर्षी वर्गात पक्ष्यांच्या आवाजांचा धडा घ्यायचा होता. कावळा ‘कॉ’ करतो, कबुतर ‘कू’ करतं, चिमणी ‘चर्प’ करते. पोरं घोकतात आणि विसरतात. म्हणून आदल्या संध्याकाळी मी टेबलाशी बसून ‘चर्प’चा अर्थ नीट उतरवून घेतला. बारीक, उंच पट्टीतला, तुटक आवाज. लहान पाखरांचा, आणि रातकिड्याचाही. मोठ्या पक्ष्याला हा शब्द लावत नाहीत. आनंदी, बडबड्या माणसाला ‘चर्पी’ म्हणतात. मग वर्गात ऐकवायचे आवाज मोबाइलवर लावून पाहिले. बाबा शेजारीच होते.

"कावया," ते म्हणाले. पुढचा आवाज लावला. "कबुतर." स्वारी खुशीत आली. मग मी चिमणी लावली.

बाबा वाट पाहत बसले. मी आवाज वाढवला. आणखी वाढवला. आतून मुलगी ओरडली, "आई, कमी कर ना, कान किटले!"

बाबा म्हणाले, "लाव ना आता."

माझा हात तिथंच राहिला. समोर वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, बारीक, उंच पट्टीतला. दुसऱ्या दिवशी उजाडताच गॅलरीत जाऊन पाहिलं, कठड्यावर चिमण्या होत्या.

अमरावतीच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, वयानं आधी बारीक आवाज जातात, जाड मागे राहतात. तुम्ही तीनेक वर्षं आधी आणलं असतं तर मशीनचा जास्त उपयोग झाला असता. आता माणसांचं बोलणं थोडं स्पष्ट होईल, चिमण्यांचं काही सांगता येत नाही.

बाहेरच्या बाकावर बसून मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे चिमण्या हायेत?"

"हायेत, बाबा."

"मंग तू काहून सांगतलं, गेल्या म्हून?"

ते चिडले असते, चार शब्द बोलले असते तर बरं झालं असतं. ते फक्त "चाल," म्हणाले आणि उठले.

आता मशीन आहे. बोलणं बरं कळतं त्यांना. चिमण्या नाहीच. तरी कण्या पुन्हा सुरू झाल्यात, खुर्चीही गॅलरीत गेली. रविवारी मी जवळ बसते. ते विचारतात, "आल्या का?"

"आल्या. दोघी हायेत."

"का म्हन्तेत?"

"चिवचिव करून राह्यल्या, बाबा."

"थे त करतेतच वं!" ते वैतागतात. "भेल्या हायेत का पिलाले बलावतेत? लांब आवाज हाय का तुटून तुटून येते? आयक बरं नीट."

मी श्वास रोखून ऐकते. ते माझ्या तोंडाकडे बघत थांबतात. मला सगळं सारखंच ऐकू येतं.