सरोजिनीआजींचा कडक उपास

आज एकादशी. निम्मे शेंगदाणे सोलून झाले होते आणि सालं उडवायला सूप घेऊन मी कॉरिडॉरमध्ये उभी होते. तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. सरोजिनीआजी.

"स्मिता, ठेव ते सूप. ती आजही काही खाईना."

'ती' म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडम लिम. सिंगापुरातल्या मरीन परेडच्या आमच्या ब्लॉकमध्ये या दोघींचं भांडण सगळ्यांना ठाऊक आहे. दोघीही नव्वदीच्या पुढच्या. लिम बाथरूममध्ये पडल्या, हॉस्पिटलातून घरी आल्या आणि त्यांनी अन्नच सोडलं. डॉक्टरांनी सांगितलंय, आज पोटात काही गेलं नाही तर उद्या पुन्हा ॲडमिट.

"बरं होईल, तुमची कटकट जाईल," मी गमतीने म्हटलं.

"ती गेली तर मी भांडू कोणाशी?" आजी खुर्चीत बसल्या.

आजींचे वडील रत्नागिरीचे, इथल्या गोदीत फिटर. आजी आठ वर्षांच्या असताना जपानी आले. "घड्याळंसुद्धा टोकियोच्या वेळेवर लावली गं! शाळेत सकाळी त्यांच्या झेंड्यापुढे वाकायचं. तांदूळ दिसेना, म्हणून फुलझाडं उपटून जो तो टॅपिओका लावायला लागला." आजींच्या आणि शेजारच्या लिमांच्या घरांनी मधलं कुंपण काढून परसाचं एकच शेत केलं. दोघी पोरी एकाच कुदळीने कंद खणायच्या. तीन वर्षं सकाळ-संध्याकाळ तेच खाणं.

लढाई संपली. दोघींनी शपथ घेतली, हा कंद पुन्हा तोंडात घालायचा नाही. जी आधी घालेल ती हरली. आणि पुढच्याच आठवड्यात दोघींचे बाप हातभर जमिनीवरून भांडले, कारण कुंपण पूर्वी नक्की कुठे होतं ते कोणालाच आठवेना! तिथून जी चुरस लागली ती लागली. शिलाईचं मशीन आधी कोणाकडे, टीव्ही आधी कोणाकडे. "मला नववा मजला मिळाला, तिला तिसरा," हे आजी अजूनही हसून सांगतात.

मी म्हटलं, "आजी, साबुदाण्याची गरम खिचडी नेऊ का? मऊ असते."

"अगं वेडे, साबुदाणा कशाचा करतात? टॅपिओकाचाच की!"

पाच वर्षं दर एकादशीला या बाई माझी खिचडी नाकारून केळं आणि दूध घेतात. असा कडक उपास मला जन्मात जमायचा नाही, असं मी याच रोजनिशीत लिहिलंय. सासूबाईंना फोनवर यांचं उदाहरण दिलंय!

"कडक कसला डोंबलाचा! मला तो कंद नको होता." आजी खुर्चीतून उठल्या. मग म्हणाल्या, "कर खिचडी. दोन ताटल्या भर."

सोललेल्या निम्म्याच दाण्यांचं कूट करून खिचडी केली. देवापुढे नैवेद्य दाखवला आणि आम्ही खाली गेलो. लिम भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्यांची मुलगी रडून थकलेली. दोघी म्हाताऱ्या मलाय भाषेत बोलतात. आजी मला मराठीत सांगत होत्या.

"लिम, इकडे बघ. हा टॅपिओका आहे."

"खोटारडी."

आजींनी डोळे मिटले आणि चमचा तोंडात घातला. मी मनात विठ्ठलाचं नाव घेतलं. आजींनी घास चावला, गिळला. "बघ. ऐंशी वर्षांनी मी हरले."

लिम वळल्या. बोळक्या तोंडाने खदखदून हसल्या. "मी जिंकले! सरो हरली!" मुलीने धावत येऊन पाठीला उशी लावली. "आण इकडे. कशापायी हरली ते तरी बघू."

एक चमचा. दुसरा. ताटली रिकामी झाली.

"मीठ कमी आहे," लिम म्हणाल्या.

"तुझी जीभ म्हातारी झालीय!"

"उद्या आण. आणि माझी ताटली तुझ्यापेक्षा मोठी हवी, जिंकलेय मी."

मुलगी डोळे पुसत चहा करायला गेली. वर येताना लिफ्टमध्ये आजी हळूच म्हणाल्या, "स्मिता, चांगली लागते गं खिचडी. उगाच पाच वर्षं केळी खाल्ली."

साबुदाणा संपलाय. उद्या सकाळी टेक्का मार्केटला जाऊन एक किलो साबुदाणा आणायचा.