पाट एकच मांडायचा

"बाई, तू मुसळाले हात नको लावू."

थोरलीच्या हळदीचा दिवस. उखळाभोवती पाच सवाशिणी हळद कुटत होत्या. मी नवरीची आई. हात पुढे केला तर चुलतसासूने मुसळ बाजूला ओढलं.

"काऊन?"

"कपाळाले कुंकू हाये तुह्या. पन घरात मानूस कुठी हाये?"

बायका हसल्या.

माणूस आदिलाबादला दुसरीजवळ राहतो. पोरी लहान होत्या तेव्हा गेला. बेल्याच्या बाजारात भाजी विकून मी दोघींना वाढवलं. तेव्हाच सोडचिठ्ठी घेणार होते. सप्ताहाला आलेल्या महाराजांनी अडवलं. नवरा कसाही असो, बाईनं घर मोडू नये. गळ्यात काळे मणी ठेव, पोरींची लग्नं होतील. ठेवले. वडाचे उपासही धरले.

थोरलीने पोरगा स्वतः पसंत केला. चाललं. लग्नाआधी कपाशीच्या शेतात हातात हात घालून फोटो काढले. तेही चाललं. जमाना बदलला, असं महाराजच हसून म्हणाले.

हळदीच्या दुसऱ्या दिवशी मांडवात माझा नवरा आला. कोरा सदरा, केसांना कलप. त्याला बोलावताना मला कोणी विचारलं नव्हतं. लग्न लावायला महाराजच होते. त्यांनी शेजारी शेजारी दोन पाट मांडायला लावले.

"कन्यादान जोडीनंच होते, माय. शेल्याची गाठ बांधा. आज तू सवाशीण."

आज. काल नव्हते. तो शेजारी बसला की मी शुभ, उठला की अपशकुनी. इतकी वर्षं ते मणी माझ्या गळ्यात कशासाठी होते, ते तिथे कळलं. त्याची जागा राखायला.

"मी नाही बसत. देईन तर एकटीच देईन पोरगी."

"मंग मुहूर्त जाईन," महाराज म्हणाले. आवाज अगदी शांत.

बाशिंग बांधलेली थोरली रडायला लागली. "आई, बस न वं! माह्यासाठी तरी."

नाही बसले.

शेवटी माझा भाऊ आणि वहिनी पाटावर बसले. लग्न लागलं. नवरा पंगतीत पोटभर जेवला. निघताना थोरली त्याच्या पाया पडली, माझ्या नाही. अजून माझा फोन उचलत नाही. गावात मी पोरीच्या लग्नात आडवी आलेली आई. हे बदलेल असं मला वाटत नाही. पुढच्या सप्ताहालाही महाराज तेच सांगतील, बायका माना डोलावतील.

मणी काढून टाकले. सोडचिठ्ठीसाठी वकील केला.

धाकटी परवा भाजी निवडता निवडता म्हणाली, "माह्या लग्नाले कोनी येईन का वं?"

न येवोत. पाट एकच मांडायचा. त्यावर मी बसेन.