घरच्या हातची माळ

धावड्याच्या कडूबाचा मेळा नवरात्रात पिंपळगाव रेणुकाईला देवीसमोर गायचा. आराध्यांचे मेळे मुलखात बरेच होते. कवड्यांच्या माळा, परडी, संबळ सगळ्यांकडे तेच. पण कडूबाच्या मेळ्यातले पुरुष लुगडं नेसायचे, आणि दसरा झाल्यावर ते फेडणं त्यांच्या जिवावर यायचं. हे गावाला ठाऊक होतं. ‘मावश्या आल्या’ म्हणून लोक हसायचे आणि पुढची जागा धरून बसायचे.

एरवी कडूबा दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाई. लग्नाला नाही म्हणणारा, चालण्याबोलण्यावरून घरात मार खाणारा कुणी ना कुणी त्याचं नाव ऐकून येई. गळ्यात माळ पडली की माणूस देवीचा होतो. मग त्याला लग्नाचं विचारत नाहीत, त्याच्या लुगड्याला हात लावत नाहीत. या रिवाजावर कडूबानं मेळा उभा केला होता.

त्याची अट एकच होती. माळ घरच्या माणसानं येऊन घालायची. पूर्वी एकाला त्यानं परस्पर माळ घातली, तेव्हा भावकीनं येऊन संबळ फोडला होता आणि देवळाच्या पंचांनी मेळ्याला बरीच वर्षं ओट्यावर चढू दिलं नव्हतं.

दुष्काळ सरला त्या साली धर्मराज आला. दुष्काळी कामावर खडी फोडताना तो गात होता, ते संबळवाल्या संपतनं ऐकलं होतं. पावसाळाभर तो मेळ्यात बसून गाणी शिकला. घटस्थापना तोंडावर आली तेव्हा स्वतः ओवलेली माळ घेऊन तो कडूबाच्या दारात उभा राहिला.

“आक्का, जल्दी घाल,” तो म्हणाला. मेळ्यात कडूबाला सगळे आक्काच म्हणत. “थोरल्या भावानं, काकासाहेबानं पोरगी पाहून ठेवली. दसऱ्यानंतर लगीन.”

“मंग काकासाहेबाला घेऊन ये.”

“भाऊ येतो व्हय? चाबकानं फोडंल मला.”

संपत मध्ये बोलला, “घाल की आक्का. असा गळा पुन्हा गावायचा न्हाई.”

“तू गप. संबळ फुटला तर काय ताट वाजवशील?”

धर्मराजनं माळ पिशवीत ठेवली. “बराबर हाय,” म्हणाला आणि गेला.

धर्मराजच्या लग्नाच्या दिवशी कडूबा कापूस वेचत होता. वाजंत्री रानापर्यंत ऐकू येत होती. तो वेचत राहिला. संध्याकाळी भाकरी खाल्ली, झोपला. त्याला काही वाटलं नाही, म्हणजे काय वाटलं ते त्यानं पाहिलं नाही.

थंडी पडल्यावर धर्मराजची आई, तुळजाबाई, आली. तिनं पिशवीतून माळ काढून उंबऱ्यावर ठेवली.

“कडूबाभाऊ, ही कणगीमागं सापडली. त्याची हाय ना?”

“हाव.”

“लगीन झाल्यापून तो गाऊन न्हाई राह्यला. घरातबी न्हाई, रानातबी न्हाई. तुम्ही माळ का घातली न्हाई?”

“घरचं माणूस लागतं. काकासाहेब आला नसता.”

“अन् मी? मी घरची न्हाई व्हय?”

कडूबा तिच्या मोकळ्या कपाळाकडे बघत राहिला. विधवेच्या हातची माळ चालत नाही असं कुणी त्याला सांगितलं नव्हतं. ते त्यानं गृहीतच धरलं होतं. धर्मराजनंही धरलं होतं. स्वतः लुगडं नेसून देवीसमोर उभा राहणाऱ्या कडूबाला ते कधी खटकलं नव्हतं.

“मला कुणी इचारलं असतं तर आल्ते की मी,” तुळजाबाई म्हणाली. “आता सून घरात आली. तिचं काय करू?”

कडूबानं पाण्याचा तांब्या पुढं केला. पाणीही न घेता ती गेली.

पुढच्या भादव्यात मंठ्याकडचा मच्छिंद्र आला. बाप वारलेला, चुलते ऐकत नव्हते. आपण हाकलले जाणार, असं धरूनच तो खाली बघत उभा होता.

“घरात आई हाय का?” कडूबानं विचारलं.

“हाय. पण तिचा हात...”

“तिला घेऊन ये.”

आई आली. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि माळ घातली. पंच कुरकुरले. कडूबा म्हणाला, घरचं माणूस म्हणजे घरचं माणूस. नवरात्र तोंडावर होतं, गर्दी मेळ्यावरच जमायची. पंच गप्प बसले.

अष्टमीला मच्छिंद्र ओट्यावर गायला. त्याचा आवाज बरा होता. गर्दीच्या कडेला धर्मराज बायकोबरोबर उभा होता. तिनं परडीत पीठ घातलं, तेल घातलं. आरतीआधीच ते दोघं निघाले. कडूबानं ते पाहिलं आणि पुढचं गाणं धरलं.