सवतीचा टाक

ओहायोतल्या एका छोट्या आर्ट म्युझियमच्या तळघरात, एका मंगळवारी सकाळी, मी माझ्या सवतीलाच दान करून टाकायला निघाले होते... ऐंशीच्या दशकातली गोष्ट. इतकी वर्षं कुणाला सांगितली नव्हती, आज लिहूनच टाकते.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. श्रीकांत पीएचडी करत होता आणि माझा डिपेंडंट व्हिसा, म्हणजे नोकरीचं नावच नको. घरात बसून डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा म्युझियममध्ये व्हॉलंटियर झाले.

ते म्युझियम म्हणजे एक अजब प्रकार होता. विकत घेतलेलं तिथे जवळजवळ काही नव्हतं... गावातल्या श्रीमंतांनी मरताना जे दिलं, तेच पर्मनंट कलेक्शन. एका डॉक्टरांना घड्याळांचा नाद, म्हणून दोन खोल्या घड्याळांच्या. एका बाईंना चिनी मातीच्या कुत्र्यांचं वेड, म्हणून अख्खी भिंत कुत्र्यांची. मला तर मेलेल्या माणसांच्या दिवाणखान्यांतून फिरतेय असंच वाटायचं.

सगळ्यात वाईट ती डायनिंग रूम. एका बाईंनी आपलं टेबल देताना अट घातली होती की ते कायम आठ जणांसाठी मांडलेलं असावं. दर मंगळवारी त्या प्लेट्स पुसायचं काम माझ्याकडे होतं. त्या बाईंची खुर्ची नेहमी थोडी बाहेर ओढलेली दिसायची... मी आत सरकवायचे, पुढच्या मंगळवारी पुन्हा बाहेर. आलेल्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या डोरोथीला विचारलं, तर ती टाइपरायटरवरून मान वर न करता म्हणाली, "हो, ती असतेच तशी."

आता सवतीबद्दल. श्रीकांतची पहिली बायको लग्नानंतर दोन वर्षांत तापाने गेली. आमच्या घरच्या रीतीप्रमाणे सासूबाईंनी तिचा टाक करून देवात ठेवला होता... चांदीच्या पत्र्यावर उठवलेली बोटभर उंचीची बाई. आम्ही अमेरिकेला निघालो तेव्हा तो माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "आधी हिला नैवेद्य, मग तू जेव."

मी इथे आले आणि तो टाक सरळ चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये टाकला. राग होता, आणि खरं सांगायचं तर भीतीही होती. तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे, सासरी सगळे तिला नुसतं 'पहिली' म्हणायचे. माहेरची मी शैला. लग्नात माझं नाव बदलून नंदिनी ठेवलं होतं. श्रीकांतने "नंदिनी" अशी हाक मारली की का कोण जाणे, माझ्याआधी दुसरंच कुणीतरी ओ देतंय असं वाटायचं... मी दोन-तीनदा मागे वळूनही पाहिलं होतं.

टाक नदीत सोडावा, तर नदी गोठलेली! अशात डोरोथी एकदा म्हणाली की आपल्याकडे भारतातलं काहीच नाही, कुणी दिलंच नाही ना. माझ्या डोक्यात लगेच किडा वळवळला. म्हटलं, माझ्याकडे आहे एक वस्तू, देते.

"पण नीट विचार कर हं," ती म्हणाली. "एकदा पर्मनंट कलेक्शनमध्ये गेलं की परत मिळत नाही. आणि तू जे देशील, तोच या गावाचा भारत." मला फक्त 'परत मिळत नाही' एवढंच ऐकू आलं.

त्या मंगळवारी श्रीकांतला न सांगता टाक घेऊन गेले. डोरोथीने पांढरे हातमोजे घातले आणि नोंदीचा नंबर कुठे घालता येईल ते बघायला टाक उलटा केला. आधी मागची बाजू बघायची, ही तिची पद्धत. मी ती कधी बघितलीच नव्हती.

भिंगातून बघता बघता ती थांबली. "इथे काहीतरी कोरलंय. वाच बरं."

भांड्यांवर नाव घालतात ना, तशी बारीक टिंबाटिंबांची अक्षरं होती. नंदिनी.

मी मोठ्याने वाचलं. डोरोथी एकदम खूश. "अगं, मग ही तूच की!" आणि तिने फॉर्मवर टाइप केलं... प्रतिमा नंदिनीची, भेट नंदिनीकडून.

मी तिच्यापुढचा टाक उचलून घेतला. त्या टेबलवाल्या बाई निदान आपल्या मर्जीने तिथे राहिल्या होत्या. हिला कुणी विचारलं होतं? आणि मला तरी कुठे कुणी विचारलं होतं? ती मेली, तिचं नाव रिकामं झालं, आणि त्या रिकाम्या नावात मला आणून बसवलं होतं.

सही न करताच टाक रुमालात बांधून घरी आणला. संध्याकाळी श्रीकांतच्या पुढ्यात उलटा ठेवला.

"आईने सुचवलं," तो म्हणाला. "म्हणाली, घराला त्या नावाची सवय झालीये."

"आणि तुला?"

"मलाही झाली होती."

खूप रडले, खूप भांडले. मग उठून वरणभात केला आणि आधी तिच्यापुढे ठेवला. सासूबाई म्हणाल्या होत्या म्हणून नाही, मला तिची दया आली म्हणून. मग श्रीकांतला सांगितलं, उद्यापासून मी शैला. त्याने मान डोलावली... पण जीभ वळायला त्याला वर्ष लागलं.

डोरोथीचे मी कधी आभार मानले नाहीत. 'सॉरी, विचार बदलला' एवढंच सांगितलं होतं. खरं तर तिने तो टाक उलटा केला नसता, तर मी माझ्याच हाताने आम्हा दोघींना त्या तळघरात ठेवून आले असते.

श्रीकांत आता थकलाय. दुपारच्या डुलकीतून जागा होताना कधीतरी "नंदिनी" अशी हाक मारतो. मी शेजारच्या खोलीत असते, स्पष्ट ऐकू येतं... पण मी ओ देत नाही. ती हाक माझी नाही.